पाचखड्यांतला अर्धा खडा

गवत कापायच्या मशीनचा आवाज कानावर पडला की ती घटना आजही जशीच्या तशी आठवते. लोकांना वाटतं, निवृत्त पोलिसाला खून आणि दरोडेच आठवत असतील. तेही आठवतात. पण माझ्या नोकरीतली जी केस मला अजून पायरीवर उभं करते, ती गवताची होती. पायरीचं शेवटी सांगतो. नावं कुणाचीच सांगणार नाही.

दुष्काळाचं वर्ष होतं. मी केज तालुक्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. आमच्या पोलीस लाइनीच्या नळाला उन्हाळा लागायच्या आधीच पाणी बंद झालं होतं. टँकर आला की माझी बायको हंडा घेऊन रांगेत उभी राहायची आणि हवालदाराच्या बायकोशी तिची रोज जुंपायची. फौजदाराची बायको म्हणून कुणी एक हंडा जास्त देत नव्हतं.

आणि आमच्याच हद्दीत सहकारी साखर कारखान्याच्या विश्रामगृहापुढे हिरवंगार लॉन होतं. ऊस नव्हता म्हणून कारखाना बंद होता, धुराडं थंड पडलं होतं, पण पाहुण्यांची वर्दळ थांबली नव्हती, म्हणून कारखान्याच्या बोअरचं पाणी त्या लॉनला जायचं. जीपमधून जाताना ते दिसलं की माझ्या डोळ्यांत खुपायचं. स्पष्टच सांगतो, मी जळायचो. गवत माणसांपेक्षा सुखात होतं.

मी एकटाच जळत होतो असं नाही. कामगार वसाहतीतल्या घराघरात शेळी होती आणि चाऱ्याची छावणी लांब. त्यामुळे लॉनवर मशीन फिरलं की कापलेलं गवत वसाहतीतल्या बायकांना मिळायचं. पेट्रोलवर चालणारं मशीन होतं. खाली फिरणारं पातं, बाजूला गवत बाहेर टाकायचं तोंड, त्या तोंडावर एक झडप आणि तिथे अडकवायची पिशवी. पिशवी भरली की माळी ती एकेकीच्या टोपल्यात रिकामी करायचा.

इथेच सगळं बिघडलं. हिला दाबून भरून दिली, तिला वरवर दिली, अमकीकडे बघून माळी हसतो म्हणून तिला कोवळं गवत मिळतं, असं सुरू झालं. भांडण कारखान्याच्या कचेरीपर्यंत गेलं. शेवटी माळ्यानं कटकट मिटवायला पिशवीच काढून टाकली. पण पिशवी नसली की झडप खाली पडायची आणि गवत तिथेच तुंबायचं. मग त्यानं झडप सुतळीनं वर बांधली. आता गवत मशीनच्या बाजूनं फवाऱ्यासारखं दूरवर उडायचं. बायका लेकरं घेऊन त्या बाजूला ओळीनं बसायच्या. ज्याच्या पुढ्यात पडलं ते त्याचं. वसाहतीत सगळ्यांना हा न्याय पसंत पडला.

अशाच एका सकाळी मशीन फिरत असताना एक सहा वर्षांची पोर किंचाळून आडवी झाली. भुवईच्या वर खोल जखम, डोळा रक्तानं भरलेला. तिला आंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. दुपारी तिची आई ठाण्यात आली. ठाणे अंमलदारानं नाव विचारायच्या आत तिनं पदराची गाठ सोडली आणि एक खडा टेबलावर आपटला.

"ह्यो खडा माझ्या लेकीच्या परकरात पडलेला व्हता. माझ्या जावेचाच हाय, सायेब. तिनंच मारलाय."

पांढरा, गुळगुळीत, मांजरा नदीच्या पात्रातला खडा. अर्धाच होता.

ती बाई म्हणजे धाकटी जाऊ. थोरल्या जावेला मूल नव्हतं. दोघींचे नवरे कारखान्यातच कामाला, घरं भिंतीला भिंत लागून. पोर जन्मली आईच्या पोटी, पण वाढली थोरलीच्या मांडीवर. तिला ती मोठीमाय म्हणायची. थोरलीनं नदीतून पाच एकसारखे खडे वेचून आणले होते आणि तिला पाचखडे खेळायला शिकवलं होतं. खडे थोरलीच्या घरात, कापडाच्या पिशवीत असायचे.

मी विचारलं, "खडा मारताना तुम्ही पाहिलं?"

"बघायला कशाला पायजे? आमची पोर माज्याकडं आली की जावेच्या पोटात दुखतं. सगळ्या वसाहतीला म्हाईत हाय."

हवालदारानं फिर्याद लिहून घेतली. खडा कागदात बांधून लाखेनं सील केला. संध्याकाळी ठाण्यात फोन आला. वसाहतीतलाच एक माणूस होता, नाव सांगायला तयार नव्हता.

"सायेब, थोरलीची घरातली पिशवी बघा. पाचातला एक खडा कमी हाय. आन् तिला गोफण लई चांगली मारता येते, ज्वारीवरची पाखरं राखलेली हायती तिनं."

टीप चांगली होती. पुढे कळलं की हा गडी थोरलीच्या शेजारचा आणि त्याची शेळी आटत चालली होती. थोरली गेली तर ओळीतली एक टोपली कमी होणार होती. तेव्हापासून मी हाताखालच्या पोलीस पोरांना शिकवत आलो, टीप देणाऱ्याला आधी विचारा, तुझी शेळी कुठं बांधलीय?

त्याच संध्याकाळी माझ्या बॅचचा एक मित्र फोनवर आला. तो गेवराईला होता, गोदावरीची वाळू चोरणारे ट्रक पकडायचा आणि त्याचा फोटो पेपरात यायचा. "तुझ्याकडं काय विशेष?" म्हणाला. मी सांगितलं, गवताच्या ओळीत एका पोरीला खडा लागलाय. तो खो खो हसला. "अरे, तू तर गवताचा फौजदार झालास बे!" मी फोन ठेवला आणि बराच वेळ त्याच्या फोटोवर मनातल्या मनात शाई ओतत बसलो.

बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा, सोबत महिला पोलीस असायला हवी. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही थोरलीच्या घरी गेलो. घरात चूल पेटलेली नव्हती. तिचा नवरा दारात उभा होता. तो आम्हाला म्हणाला, "तिनं मारलं असंल तर तुमी घेऊन जा. आन् सुटली तर माहेरी जाऊ द्या. मी न्हाई परत आणणार." तो हे तिला ऐकू जाईल असंच बोलला. ती आत भिंतीला टेकून बसली होती, तिनं मान वर केली नाही.

मी पिशवी मागितली. तिनं कोनाड्यातून काढून दिली. आत चार खडे होते. पंचांसमोर ते ताब्यात घेतले.

"पाचवा कुठंय?"

"म्हाईत न्हाई. परवा लेकरं लॉनवर खेळत व्हती. तिथंच गार असतं, म्हणून 'चालू नका' अशी पाटी हाय तरी बसत्यात. मी पिशवी दिली व्हती तिच्याकडं."

"तू त्या वेळी कुठं बसली होतीस?"

"लिंबाखाली. लांब. मी रोज तिथंच बसते. गवत कमी येतं, पर पोरीला सावली असते. ती रोज माज्याच मांडीवर असते." तिनं रिकाम्या कोनाड्याकडे पाहिलं. "काल ती आईपाशी जाऊन बसली. मी हाका मारल्या, आली न्हाई."

मी थांबलो. चौकशीत माणूस स्वतः बोलायला लागला की आपण गप्प बसायचं, हे कुठल्या पुस्तकात नाही, पण तेच खरं.

"मंग मनात आलं, जा तिकडंच. मर तिकडंच." तिनं तोंडावर पदर धरला. "आन् लगेच ती आरडली. मीच केलं सायेब. माझ्यामुळंच झालं. मला न्या."

महिला पोलिसानं माझ्याकडे पाहिलं. दारात नवऱ्यानं कपाळावर हात मारला. बाहेर जमलेल्या बायकांत कुजबुज सुरू झाली आणि ती पार विहिरीपर्यंत पोचली असेल.

मी तिला विचारलं, "कशानं मारलास? हातानं की गोफणीनं?"

तिनं तोंडावरचा पदर खाली घेतला.

"कुठल्या हातानं? उभी होतीस की बसलेली?"

"हातानं न्हाई हो सायेब," ती म्हणाली. "मनात आलं. मनात आलं आन् तिला लागलं. माझी नजर लागली लेकराला."

असं बोलणारी माणसं मी नोकरीत थोडीच पाहिली. खरा गुन्हेगार कबुली देतो तेव्हा त्याला पहिली काळजी स्वतःची असते, वकील कधी मिळंल, जामीन होईल का. हिनं एकच विचारलं, डोळा राहील का. मी ठाण्यात परत आलो तर वरिष्ठ साहेबांपर्यंत कबुलीची बातमी आधीच गेली होती. "कबुली आहे, खडा आहे, वैमनस्य आहे. अटक दाखवा आणि मोकळे व्हा," ते म्हणाले. मी म्हणालो, पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, आणि ही तर नजर लागल्याची कबुली आहे, नजरेचा पंचनामा मी कसा करू? साहेबांना हसू आलं, पण ते म्हणाले, "संध्याकाळपर्यंत बघा. मग अटक."

मी पंचांसमोर सील तोडून मुद्देमालातला खडा बाहेर काढला. टेबलावर ठेवून बघत बसलो. पोरीची आई म्हणाली होती की कपाळावर आपटून तो फुटला. आजवर मी बरीच डोकी फुटलेली पाहिली आहेत. खड्यानं कपाळ फुटतं. कपाळानं खडा फुटत नाही. आणि या खड्याची तुटलेली बाजू ताजी होती, त्यावर बारीक काळसर ओरखडा होता, लोखंड घासल्यासारखा.

हवालदाराला घेऊन मी थेट लॉनवर गेलो. लॉनच्या कडेला पत्र्याची पाटी होती, 'हिरवळीवर चालू नये'. तिला बारीक पोचे पडलेले होते. माळी म्हणाला, "पोरं दगडं मारत्यात." मी पाटीभोवती एक चक्कर मारली. रस्त्याकडची बाजू गुळगुळीत होती. पोचे सगळे लॉनच्या बाजूनं. लॉनवर उभं राहून रस्त्याकडे तोंड करून पाटीला दगड मारणारी पोरं मी अजून पाहिलेली नाहीत. शिवाय काही पोचे गुडघ्याच्या उंचीवर होते. तेवढ्या खालून फेकायला माणसाला आडवं झोपावं लागेल.

मी माळ्याला म्हणालो, "मशीन आण. काल होतं तसंच."

त्यानं आणलं. झडप सुतळीनं वर बांधलेलीच होती. मी विचारलं, ही अशी का? तो हात जोडून म्हणाला, "सायेब, झडप बांधली न्हाई तर ह्या बाया मला बांधत्यात."

तोपर्यंत वसाहत जमली होती. धाकटी आली, थोरलीही आली, नवऱ्याच्या चार पावलं मागे. सवयीनं दोन-तीन बायकांनी टोपलीही आणली होती! मी सगळ्यांना विश्रामगृहाच्या ओट्यावर चढवलं. एकही लेकरू खाली राहिलं नाही याची खात्री केली. कालच्या ओळीच्या जागी पत्र्याची पाटी उपटून उभी केली, मागे विटा लावल्या. पंच माळ्याच्या मागे, लांब उभे केले. मग लॉनवर मुलांनी टाकलेले खडे जिथे होते तिथेच राहू दिले आणि माळ्याला म्हणालो, चालव.

पहिल्या फेरीला नुसतं गवत उडालं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर मशीनखाली एकदम खटकन आवाज झाला आणि त्याच क्षणी पत्रा असा ठणकला की ओट्यावरच्या लेकरांनी कान झाकले. माळ्याच्या हातातून मशीन सुटता सुटता राहिलं. पाटीवर नवा पोचा पडला होता, बरोबर बसलेल्या पोराच्या तोंडाच्या उंचीवर.

मशीन पूर्ण बंद करायला लावलं. पातं फिरायचं थांबेपर्यंत कुणालाही खाली उतरू दिलं नाही. मग मी आणि हवालदारानं गवतात गुडघे टेकून शोध घेतला. कालच्या फेरीच्या पट्ट्यात, मुळाशी, पांढऱ्या खड्याचा दुसरा अर्धा सापडला. पंचांसमोर दोन्ही अर्धे जोडले. सुपारी अडकित्त्यानं फोडून परत जुळवावी तसे ते जुळले.

सगळं स्पष्ट झालं. अपघाताच्या आदल्या दिवशी पोरी लॉनवर पाचखडे खेळल्या, एक खडा गवतात राहिला, पात्यानं तो फोडला आणि उघड्या तोंडातून त्याचा अर्धा भाग गोळीसारखा सुटला. कुणी मारला नव्हता.

मी धाकटीला जवळ बोलावलं. "तुझी मुलगी रोज लिंबाखाली बसायची. काल पुढं कशी आली?"

तिनं आधी थोरलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मीच वढून नेली."

"का?"

"समदी म्हणायची, पोर तुझी हाय का जावेची? आजारी पडली तरी मोठीमाय पायजे, जेवायला मोठीमाय पायजे. माज्याही काळजात आग हाय की, सायेब. म्हणलं, आज माज्यापाशी बस, तुला बांगड्या घेते." ती मटकन खाली बसली. "मशीनीच्या तोंडापाशी बसवली. तिथं गवत लई पडतं म्हणून."

थोरली ओट्यावरून खाली आली. मला वाटलं आता ही सूड घेणार, तिचा तेवढा हक्क होता. ती धाकटीजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "ऊठ. दवाखान्यात जायचंय. बाप एकटाच हाय तिथं, पोरीला भाकर चुरून द्यायला त्याला जमत न्हाई."

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी ओरडली, "मंग आता गवत कसं वाटायचं?" मला इतका राग आला की मी तिच्यावर खेकसलो. मागाहून वाटलं, तिच्या शेळीचा तरी काय दोष?

थोरलीवरचा संशय रेकॉर्डवरून काढला. तिच्या नवऱ्याला ठाण्यात बोलावून खुर्ची न देता उभं केलं आणि जे बोलायचं ते बोललो, ते इथे छापता येणार नाही. हयगयीनं दुखापत केल्याचा गुन्हा माळ्यावर आणि मशीन कसं वापरायचं हे न दाखवता त्याच्या हाती देणाऱ्या देखरेखवाल्यावर लागला. कारखान्यानं नियम केला. आधी गवतातले खडे, तारा, हाडकं वेचायची. झडप बांधायची नाही, पिशवी काढायची नाही. मशीन सुरू असताना लॉनवर लेकरू नको, कडेलाही नको. गवत नंतर, मशीन खोलीत गेल्यावर, ओट्यावर वाटायचं. भांडणं व्हायची ती तिथे होऊ द्यायची. गेवराईच्या मित्राला मी ही केस सांगितली तेव्हा तो हसला नाही. त्याच्या घरी लहान मूल होतं.

पुढे माझी बदली झाली. काही वर्षांनी मांजरसुंब्याला एसटी थांबली होती, मी चहा घेत होतो. बसच्या खिडकीत ओळखीचा चेहरा दिसला. भुवईवर पांढरी रेघ, डोळ्यांना चष्मा, शाळेचा गणवेश. दोन्ही बाजूंना दोघी जावा.

"इकडं सरक, तुज्या आईच्या बाजूला ऊन हाय," थोरली म्हणत होती.

"असू द्या ऊन. येताना तुमच्याच बाजूला बसलीती," धाकटी म्हणाली.

पोरगी कंटाळून मधेच बसली होती, दोघींच्या हातातलं बिस्किट खात. मला हेवा वाटला. माझी मुलं मोठी झाली तेव्हा मी बंदोबस्तात होतो, मला त्यांना असं आपल्याकडे ओढायची कधी वेळच मिळाली नाही.

त्या केसनं मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर सांगतो. जळणारा माणूस पोलिसाला फार सोयीचा असतो. त्याच्या तोंडावरच गुन्हा लिहिलेला दिसतो. पण मनातल्या जळण्यानं कुणाचं कपाळ फुटत नाही, हे मी थोरलीला तेव्हाच सांगितलं होतं. फुटतं ते त्या जळण्यापायी आपण लेकराला कुठं नेऊन बसवतो, त्यानं. धाकटीला हे सांगायची गरज पडली नाही.

आता मी मुलाकडे शहरात असतो. त्याच्या सोसायटीला लॉन आहे आणि रविवारी सकाळी मशीन फिरतं. त्याआधी मी वाकून वाकून गवतातले खडे वेचतो, झडप बघतो, आणि सगळी पोरं जिन्याच्या पायरीवर बसवतो. सोसायटीतले मला खडूस म्हणतात. माझे व्याही मात्र सगळ्यांचे लाडके. गेल्या रविवारी ते माझ्या नातीला कडेवर घेऊन मशीनजवळ न्यायला निघाले, गंमत दाखवायला. मी तिला त्यांच्या कडेवरून काढून घेतलं. ती रडली, मला फटका मारला आणि म्हणाली, "तू वाईट आहेस. ते आजोबा चांगले."

लागलं मला. व्याह्यांवर मी जळतो, अजूनही जळतो. नात आठवडाभर माझ्याशी बोललेली नाही. आजही मशीन सुरू आहे आणि ती माझ्याकडे पाठ करून, गाल फुगवून बसली आहे. पण पायरीवर बसली आहे.